विद्यार्थ्यांचा वनमहोत्सव

आपण भारतीय मोठे उत्सवप्रिय आहोत आणि आपले बहुतेक सण ऋतुचक्राशी बांधलेले आहेत. भाताची लावणी आटोपली की श्रावणातले सण येतात. कापणीच्या सुमारास दिवाळीचे दिवे लागतात. धान्य कणगीत पडले की पौष महिन्यात मुरबाड तालुक्यातील म्हसा गावी मोठी यात्रा भरते आणि बैलांच्या खरेदी-विक्रीसाठी दूरदूरचे शेतकरी तेथे जमतात. या जुन्या सणांच्या मालिकेत स्वतंत्र भारताने एका नव्या सणाची भर घातली. तो सण म्हणजे वनमहोत्सव.

१९५० साली त्या वेळचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाची प्रथा देशभर सुरू केली. जुलै महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने झाडे लावावीत, हा त्यामागील हेतू होता. पुढे १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. १९७३ पासून ५ जून हा दिवस जागतिक पर्यावरण दिन म्हणून जगभर पाळला जाऊ लागला. अशा रीतीने वृक्षारोपण हे विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमपत्रिकेतील एक नेहमीचे कलम होऊन बसले.

परंतु पुष्कळ ठिकाणी हा उत्सव कसा होतो, ते पाहा. पाहुणे येतात, हारतुरे होतात, भाषणे होतात. एक रोप खड्ड्यात ठेवून त्यावर चार ओंजळी माती लोटतात, छायाचित्र काढतात आणि मंडळी घरोघर जातात. पावसाळ्यात रोप तग धरते. पण माघ-फाल्गुनात त्याची पाने गळतात, वैशाखात ते वाळून जाते आणि पुढल्या जुलैमध्ये त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याची वेळ येते. उत्सव झाला, परंतु वन काही झाले नाही! असे का होते आणि ते टाळावयाचे कसे, याचा विचार विद्यार्थ्यांनीच केला पाहिजे. त्यासाठी आपण ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांचे उदाहरण घेऊ.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या मार्गावर शहापूर लागते, तर कल्याणहून माळशेज घाटाकडे जाताना मुरबाड लागते. शहापूरच्या माथ्यावर माहुलीचा किल्ला उभा आहे. मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. १९४२ च्या लढ्यात भूमिगत झालेले भाई कोतवाल व त्यांचे सहकारी याच सिद्धगडाच्या रानाच्या आश्रयाला राहिले होते. तेथेच २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. या डोंगरांच्या उतारांवर साग, ऐन, खैर, मोह, बेहडा, कळंब अशी झाडे वाढतात आणि त्यांच्या आसऱ्याने ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली या आदिवासी समाजांच्या वाड्या-पाडे वसले आहेत.

येथे पाऊस थोडाथोडका पडत नाही. वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर, म्हणजे उंच माणूसही बुडून जाईल इतके पाणी या भूमीवर कोसळते. या पावसावरच मुंबई महानगराची तहान भागते. १८९२ साली शहापूर तालुक्यात तानसा धरण पूर्ण झाले. १९५७ साली वैतरणा नदीवरील धरण झाले. त्याच्या जलाशयाला अभियंते नारायण विष्णु मोडक यांच्या सन्मानार्थ मोडकसागर असे नाव मिळाले. पुढे शहापूर तालुक्यातच भातसा नदीवर प्रचंड धरण उभे राहिले. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसा जलाशयातून जाते.

आणि तरीही, मुलांनो, याच तालुक्यांतील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. विहिरी तळ गाठतात. झऱ्याशी वाटी-वाटीने पाणी भरून स्त्रिया हंडे डोक्यावर घेतात आणि रणरणत्या उन्हात घराची वाट चालतात. असे होण्यास दोन कारणे आहेत. धरणांतील पाणी मोठ्या नळांतून व नदीपात्रातून खाली शहराकडे वाहते. उंचावरच्या पाड्यांना ते आपोआप मिळत नाही. दुसरे कारण जमिनीत आहे. येथील खडक काळा व कठीण, त्यावरील माती पातळ आणि उतार तीव्र. चार महिने कोसळणारे पाणी घसरत ओढ्याला मिळते आणि समुद्राची वाट धरते. जेथे दाट झाडी असते, तेथे पाचोळा व मुळे पाण्याचा वेग रोखतात, ते जमिनीत मुरू देतात आणि खालचे झरे अधिक काळ वाहतात. म्हणून या भागात झाड लावणे म्हणजे पाण्याची बेगमी करणे होय. येथे एक रोप वाळले, तर केवळ शोभा कमी होत नाही; उद्याच्या झऱ्यातला एक थेंबही कमी होतो.

आता महाविद्यालयाचे वर्ष आणि झाडाचे वर्ष यांची तुलना करा. जूनमध्ये महाविद्यालय गजबजते, तेव्हा पावसाची कृपा असल्यामुळे रोपाला कोणाची गरज नसते. मार्चमध्ये विद्यार्थी अभ्यासात गढून जातात, एप्रिलमध्ये परीक्षा होतात आणि मे महिन्यात आवार ओस पडते. नेमके याच काळात रोपाला पाण्याची सर्वांत अधिक निकड असते! ज्या वेळी झाडाला मित्र हवा, त्या वेळी त्याचे सारे मित्र सुट्टीला गेलेले असतात. वनमहोत्सव फसतो तो येथे. यावर उपाय एकच. उत्सवाची आखणी करताना प्रथम पाण्याचा हिशेब मांडावा आणि मग रोपांची संख्या ठरवावी.

हा हिशेब तुम्हांलाही सहज करता येईल. समजा, फेब्रुवारीपासून जूनच्या पावसापर्यंत अठरा आठवडे आहेत आणि प्रत्येक रोपाला आठवड्याला दहा लीटर पाणी घालावयाचे आहे. म्हणजे एका रोपास एकशे ऐंशी लीटर पाणी लागेल. शंभर रोपे लावली तर अठरा हजार लीटर पाणी हवे. दहा हजार लीटरचा एक टँकर धरला, तर हे जवळजवळ दोन टँकर झाले. ज्या तालुक्यात माणसे टँकरची वाट पाहतात, तेथे रोपांसाठी दोन टँकर मागणे शोभेल काय?

मग हे पाणी कोठून आणावे? ते पावसाळ्यातच साठवून ठेवावे. महाविद्यालयाचे दोनशे चौरस मीटरचे एक छप्पर घ्या. त्यावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लीटर पाणी जमा होते. शहापूर-मुरबाडात जुलै महिन्यात एवढा पाऊस एका दिवसातही पडून जातो. पन्हळी लावून हे पाणी झाकलेल्या टाकीत साठवले, तर ती एक टाकी पन्नास रोपांना उन्हाळाभर पुरते आणि थोडे पाणी शिलकीतही राहते. तेव्हा एक टाकी असेल तर रोपे पन्नासच लावावीत, पाचशे लावू नयेत. पाचशे रोपे लावल्याची बातमी मोठी होईल हे खरे. पण जगलेली पन्नास झाडे अधिक मोलाची आहेत.

संख्या ठरल्यावर रोपांची निवड करावी. झटपट वाढणाऱ्या परदेशी झाडांचा मोह पुष्कळांना होतो. परंतु या मातीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली ऐन, मोह, जांभूळ, हिरडा, बेहडा, करंज यांसारखी झाडे येथल्या ऊन-पावसाला सरावलेली असतात. ती पक्ष्यांना घरटे देतात आणि माणसांना फळे, बिया व औषधे देतात. रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड शंभराहून अधिक वर्षे कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते. ते नामशेष झाले असे मानले जात असता १९९७ साली ते शहादा भागात पुन्हा आढळले आणि २०१४ साली तानसाच्या जंगलातही दिसले. हा पक्षी झाडांच्या ढोलीत राहतो. जुनी देशी झाडे राहिली, तरच त्याचे घर राहील.

अशी रोपे विकत आणण्याची गरज नाही. उन्हाळ्यात रानात हिंडून बी गोळा करावे व रोपवाटिका आपणच तयार करावी. हिरडा-बेहड्याच्या कठीण कवचाच्या बिया भिजत घालून पेराव्यात. जांभळाचे बी मात्र फार दिवस टिकत नाही. फळ खाल्ल्यावर ते लवकर मातीत घालावे. याचाच अर्थ असा की, जुलैच्या उत्सवाची तयारी आधीच्या उन्हाळ्यात सुरू होते. जो विद्यार्थी बी वेचतो, पिशवीत माती भरतो आणि अंकुर फुटण्याची वाट पाहतो, त्याला ते रोप परके वाटत नाही.

उत्सव विद्यार्थ्यांचा असल्याने कामाची वाटणीही विद्यार्थ्यांनीच करावी. प्राचार्य व अध्यापक यांनी केवळ सल्ला द्यावा. एका गटाने खड्डे खणावेत, दुसऱ्याने पाण्याची व्यवस्था पाहावी, तिसऱ्याने भोजनाची आणि चौथ्याने हिशेब व नोंदवही सांभाळावी. खड्डे पाऊस सुरू होण्यापूर्वीच खणून ठेवावेत, म्हणजे त्यांतील माती उन्हाने तापून निघते व कीड मरते. उताराच्या खालच्या अंगास अर्धचंद्राकृती बांध घालावा, म्हणजे वाहते पाणी रोपापाशी थबकते. मोकाट गुरांपासून रक्षण व्हावे म्हणून करवंदीच्या काट्यांचे कुंपण करावे.

प्रत्यक्ष उत्सवाच्या दिवशी लांबलचक भाषणे नकोत. त्याऐवजी जवळच्या वाड्यांतील आजी-मावश्यांना मानाने बोलवावे आणि रानभाज्यांचे प्रदर्शन मांडावे. २०२० सालापासून राज्याच्या कृषी विभागानेही रानभाजी महोत्सव भरवण्यास प्रारंभ केला आहे. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली, कवळा, लोत अशा कितीतरी भाज्या न पेरता, न शिंपता पावसाबरोबर उगवतात. पहिल्या पावसात उगवणारे शेवळे नुसते शिजवून खाल्ले तर घसा खवखवतो. म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात. कोणती भाजी खावी, कोणती खाऊ नये, कंद खणताना मागे किती ठेवावा, हे ज्ञान पुस्तकांपेक्षा या स्त्रियांपाशी अधिक आहे. त्यांपैकी अनेकींनी शाळेचे तोंडही पाहिलेले नसते. पण त्या दिवशी त्या गुरू असतात आणि पदवीचे विद्यार्थी वही घेऊन त्यांच्यासमोर बसतात. वाडीतून शिकण्यासाठी आलेल्या मुलीला आपल्या आईचा असा गौरव झालेला पाहून केवढा आनंद होईल, याची कल्पना करा! मात्र त्यांनी आणलेल्या भाजीचे योग्य मोल द्यावे. उत्सवाच्या नावाखाली कोणाचे श्रम फुकट घेऊ नयेत. भोजन पळसाच्या पत्रावळींवर वाढावे. थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ सालीच राज्यात बंदी आली. पत्रावळ मात्र जेवण झाल्यावर खतखड्ड्यात जाते आणि पुढल्या वर्षीच्या रोपांना खत होऊन मिळते.

पाहुणे परत गेले की खऱ्या उत्सवाला प्रारंभ होतो. पाऊस ओसरल्यावर आश्विन-कार्तिकात ओढ्याचे पाणी अजून वाहत असते. रिकाम्या गोण्यांत माती व वाळू भरून त्या ओढ्यात आडव्या रचाव्यात. यालाच वनराई बंधारा म्हणतात. सिमेंट लागत नाही, पैसा लागत नाही. लागतात ते केवळ राबणारे हात. अडलेले पाणी जवळच्या विहिरींना काही काळ जीवदान देते. त्यानंतर माघ-फाल्गुनात गवत वाळते आणि वणव्याचे भय सुरू होते. एक जळती विडी वर्षाचे श्रम भस्म करू शकते. म्हणून रोपांच्या सभोवार गवत कापून मोकळा पट्टा ठेवावा. या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात.

पुढे उन्हाळ्यात प्रत्येक रोपाशेजारी मातीचे एक मडके गळ्यापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. मडक्यातून पाणी हळूहळू झिरपून मुळांना मिळते व उन्हाने वाया जात नाही. बुंध्याभोवती पाचोळ्याचा थर दिला म्हणजे ओल टिकते. आणि सुट्टीचे काय? महाविद्यालयाच्या जवळपास राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून घ्याव्यात आणि दूरच्यांनी आपापले रोप स्वतःच्या गावी, शाळेच्या वा विहिरीच्या काठी लावावे. नोंदवहीत प्रत्येक रोपाचा क्रमांक, जात, लावल्याची तारीख आणि पालकाचे नाव लिहावे. रोप मेले तर तेही लपवू नये. ते कशाने मेले हे लिहावे. पाणी चुकले, गुरांनी खाल्ले की वणवा लागला, हे कळल्यावाचून पुढल्या वर्षी सुधारणा होणार नाही.

ही निगा राखणे अवघड आहे काय? मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाकडे पाहा. ८ मार्च २०१६ रोजी तेथे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी उलटलेल्या आजी गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. या आजींनी शाळेच्या आवारात रोपेही लावली आणि एकेकीने एकेका रोपाची जबाबदारी पत्करली. ज्यांना आयुष्यभर हंड्याचे ओझे ठाऊक आहे, त्या आजी झाडासाठी पाणी राखतात. मग तरुण विद्यार्थ्यांना ते अशक्य का वाटावे?

१९८७ साली नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने शाश्वत विकासाचा विचार जगापुढे मांडला. आपल्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का लावू नये, हे त्याचे सार होय. हा विचार ऐकण्यास मोठा आहे, पण आचरणात तो एका मडक्याएवढा लहान होतो. पावसाळ्यातील पाणी उन्हाळ्यासाठी राखणे, आज लावलेले झाड उद्याच्या माणसांसाठी जगवणे, हीच शाश्वतता.

म्हणून वनमहोत्सव कसा झाला, हे जुलैमध्ये कोणी विचारू नये. ते वैशाखात विचारावे. त्या वेळी ओस आवारात पन्नास रोपांपैकी किती रोपांना हिरवी पालवी आहे, ते मोजावे. तेवढाच तो उत्सव झाला, असे समजावे. मुलांनो, उद्या तुम्हीही महाविद्यालयात जाल. तोपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. तुमच्या शाळेच्या छपरावरही पाऊस पडतो, तुमच्या गावीही जांभळे पिकतात आणि एक मडके पुरण्याइतकी जागा प्रत्येक अंगणात असते.

स्वाध्याय

प्र. १. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वनमहोत्सवाची प्रथा देशभर कोणी व केव्हा सुरू केली?
(आ) मोडकसागर हे नाव कोणाच्या सन्मानार्थ देण्यात आले?
(इ) शेवळ्याच्या भाजीत काकडाची फळे का घालतात?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भरपूर पाऊस पडूनही शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पाड्यांना उन्हाळ्यात पाणी का मिळत नाही?
(आ) महाविद्यालयाचे वर्ष व झाडाचे वर्ष यांत लेखकाला कोणता विरोध दिसतो?
(इ) ‘वनमहोत्सव कसा झाला, हे वैशाखात विचारावे,’ असे लेखक का म्हणतो?

प्र. ३. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
बेगमी, ओस पडणे, तग धरणे, तळ गाठणे, निकड.

प्र. ४. तुमच्या शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजा. त्यावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडल्यास किती लीटर पाणी जमा होईल आणि ते किती रोपांना उन्हाळाभर पुरेल, याचा हिशेब करा.

उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या आजींकडून पाच रानभाज्यांची माहिती मिळवा. प्रत्येक भाजी केव्हा उगवते, कोठे उगवते व कशी शिजवतात, ते लिहून आणा. वडीलधाऱ्यांना विचारल्यावाचून अनोळखी भाजी तोडू किंवा खाऊ नका.